खतखड्ड्यातील बुरशी आणि स्फुरद

‘बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. म्हणीतला उकिरडा हा दैन्याचा नमुना. त्याचेदेखील भाग्य कधी तरी उजळते, एवढाच तिचा आशय. परंतु शेतीच्या दृष्टीने विचार करू लागलो, की म्हण करणाऱ्याने उकिरड्यावर थोडा अन्यायच केला असे वाटू लागते. उकिरड्याजवळ धन पुष्कळ असते. ते कुलपात असते, एवढेच. हे कुलूप उघडणारी किल्ली म्हणजे आपण जिला पाहताच नाक मुरडतो ती बुरशी होय. या लेखात त्या किल्लीची ओळख विद्यार्थिमित्रांना करून द्यावी, असा आमचा हेतू आहे. आम्ही शास्त्रशाखेचे पदवीधर नव्हे. आमचे शिक्षण भाषेचे व इतिहासाचे. तरी या विषयाकडे आम्हांस वळावे लागले, ते आमच्याच हातून घडलेल्या एका चुकीमुळे.

आमची चूक

आमच्या शाळेच्या बागेत खताचा एक खड्डा आहे. आंबा-फणसाचा पाला, भाजीची देठे, भाताचे काड, शेजारच्या गोठ्यातील शेण आणि मुलांच्या डब्यांतील उष्टेखरकटे असे सारे त्यात पडते. एके वर्षी पावसाळा सरल्यावर खड्डा उघडला, तो आतल्या पाल्यावर कापसासारखी पांढरी जाळी पसरलेली. मुली ‘शी!’ म्हणून मागे सरल्या. पावसाळ्यात पुस्तकांवर, चपलांवर, लोणच्याच्या बरणीत बुरशी धरली की घरोघर काय होते ते सर्वांस ठाऊकच आहे. आम्हीही तोच न्याय लावला. ‘खत बिघडले’ असे ठरवून दोन टोपल्या चुना मागविला व मुलांकरवी खड्ड्यात पसरविला.

बागेची निगा राखणारे एक वयोवृद्ध गृहस्थ आहेत; सर्वजण त्यांना आबा म्हणतात. ते सायंकाळी आले, खड्ड्याकडे पाहून क्षणभर थांबले आणि म्हणाले, “मास्तर, चुनो कित्याक घालो?” त्यांच्या प्रश्नात राग नव्हता, हळहळ होती. आम्ही स्वच्छतेवर चार शब्द सांगितले. आबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र खड्ड्यातून डोळ्यांना झोंबणारा वास येऊ लागला. तो अमोनियाचा, म्हणजे खतातून उडून जाणाऱ्या नत्राचा वास होता, हे आम्हांस मागाहून कळले. त्या खतावर लावलेला मका खुरटला व त्याच्या पानांवर जांभळट छटा आली. शेतीच्या पुस्तकात पाहिले, तर स्फुरद कमी पडल्याचे ते नेहमीचे लक्षण. एका वाफ्यावरून सिद्धान्त काढू नये हे खरे. मक्याला इतरही काही कमी पडले असेल. पण आबांच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस देता आले नव्हते, ही गोष्ट मनाला लागून राहिली. पुढील विवेचन म्हणजे त्या उत्तराचा शोध आहे.

स्फुरद म्हणजे काय?

पिकांना लागणाऱ्या अन्नद्रव्यांत नत्र, स्फुरद व पालाश ही तीन प्रमुख. यांपैकी स्फुरद म्हणजेच फॉस्फरस. १६६९ साली जर्मनीतील हांबुर्ग येथे हेनिग ब्रांट नावाचा किमयागार मूत्र आटवून त्यातून सोने काढण्याच्या खटपटीत होता. सोने मिळाले नाही. अंधारात चमकणारा एक पदार्थ मात्र मिळाला. ग्रीक भाषेत ‘प्रकाश वाहून आणणारा’ अशा अर्थाचे नाव त्याला पडले, आणि आपल्या ‘स्फुरद’ या शब्दातही चमकण्याचाच भाव आहे. ज्या वस्तूला आपण सर्वांत टाकाऊ मानतो तिच्यातून हे मूलद्रव्य प्रथम हाती आले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ७०० ग्रॅम स्फुरद असते व त्यातील बहुतेक, म्हणजे शेकडा ८५ इतके, हाडांत व दातांत असते. उरलेले थोडे असले तरी त्याच्यावाचून एकही पेशी जगू शकत नाही; कारण आनुवंशिक गुण वाहून नेणाऱ्या द्रव्यात आणि पेशीतील शक्तीच्या देवघेवीत त्याचाच भाग असतो. वनस्पतींचेही तसेच. दुसरे कोणतेही मूलद्रव्य स्फुरदाची जागा घेऊ शकत नाही.

नत्र हवेत अमाप आहे, आणि द्विदल पिकांच्या मुळांवरील जंतू ते जमिनीत आणतात. स्फुरदाला असा हवाई मार्ग नाही. ते खडकातून मातीत, मातीतून पिकात, पिकातून गुराढोरांच्या व माणसांच्या शरीरात जाते, आणि शेवटी शेणामूत्रात, केरकचऱ्यात व हाडांत उरते. खाणीतील फॉस्फेट खडकाचे ज्ञात साठे पाहिले, तर शेकडा सुमारे ७० मोरोक्को व पश्चिम सहारा या आफ्रिकेच्या एका कोपऱ्यात आहेत. आपल्याकडे राजस्थानात उदेपूरजवळ झामरकोटडा येथे खाण आहे; तरी देशाची गरज मुख्यत्वे परदेशाहून आणलेल्या मालावरच भागते. समुद्रापलीकडे भाव चढले की त्याची झळ आपल्या गावातील शेतकऱ्यास बसते, ती यामुळे. म्हणून उकिरड्यातील स्फुरद शेतात परत आणणे हा केवळ टापटिपीचा प्रश्न नाही. तो अन्नाचा व स्वावलंबनाचा प्रश्न आहे.

धन किती व कुलपे कोणती?

थोडे गणित करून पाहू. चांगल्या शेणखतात शेकडा सुमारे ०.२ स्फुरद असते. (खतांच्या हिशेबात स्फुरद म्हणजे फॉस्फरस पेंटॉक्साइड धरण्याची रीत आहे.) म्हणजे १ टन खतात २ किलो व ४ टन खतात ८ किलो. दुकानातील साध्या सुपर फॉस्फेटमध्ये ते शेकडा १६ असते. म्हणजे ५० किलोंच्या एका गोणीत ८ किलो. याचा अर्थ असा, की चार टन शेणखतात सुपर फॉस्फेटच्या एका गोणीइतके स्फुरद असते. मात्र ते सर्व पिकाला तत्काळ मिळत नाही. त्याला दोन प्रकारची कुलपे असतात.

पहिले कुलूप वनस्पतींनी स्वतःच घातलेले. धान्याच्या दाण्यात, कोंड्यात व पेंडीत स्फुरदाचा मोठा वाटा फायटेट नावाच्या संयुगात साठविलेला असतो. बीज रुजताना कोंबाला शिदोरी मिळावी, अशी ही निसर्गाची तरतूद. परंतु कोंबडी व डुक्कर यांना हे संयुग नीट पचविता येत नाही. त्यामुळे दाण्यातील बरेचसे स्फुरद त्यांच्या विष्ठेत जसेच्या तसे उतरते. पिकांच्या मुळांनाही फायटेट त्या रूपात उपयोगी पडत नाही.

दुसरे कुलूप खनिजांचे. हाडांत, माशांच्या काट्यांत व फॉस्फेट खडकात स्फुरद कॅल्शियमशी घट्ट बांधलेले असते व ते पाण्यात विरघळत नाही. जमिनीतही हाच खेळ चालतो. माळव्यातील व दख्खनमधील काळ्या चुनखडीयुक्त मातीत कॅल्शियम स्फुरदाला धरून ठेवतो. आमच्या गोमंतकातील जांभ्याच्या आम्लधर्मी मातीत हेच काम लोह व ॲल्युमिनियम करतात. म्हणून रासायनिक खतातून दिलेल्या स्फुरदापैकी पहिल्या हंगामात पिकाच्या वाट्याला साधारणतः पाचवा हिस्सा येतो. बाकीचे मातीत अडकून पडते.

बुरशी कुलूप कसे उघडते?

बुरशीला तोंड नाही व पोटही नाही. तिचे शरीर म्हणजे केसाहूनही बारीक तंतूंचे जाळे. हे तंतू पाल्यात व काडात शिरतात, पाचक द्रव्ये बाहेरच सोडतात आणि विरघळलेले अन्न शोषून घेतात. आपण अन्न पोटात घेऊन पचवितो. बुरशी ते बाहेर पचवून मग आत घेते. खताला तिचा उपयोग होतो, तो तिच्या या रीतीमुळेच. कारण तिने बाहेर सोडलेल्या द्रव्यांनी जे सुटे होते, ते सारेच ती खात नाही.

तिचे पहिले साधन आम्ल. ॲस्परजिलस नायजर नावाची एक काळी बुरशी आहे. कांद्याच्या पापुद्र्यांखाली जी काळी भुकटी दिसते ती पुष्कळदा तिचीच किंवा तिच्या जवळच्या जातींची असते. ही बुरशी साखरेपासून सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबाच्या रसातले आम्ल, विपुल प्रमाणात तयार करते. अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञ जेम्स करी यांनी १९१७ मध्ये ही गोष्ट उजेडात आणली व दोनच वर्षांत त्यावर कारखाना सुरू झाला. आज सरबतात व जॅममध्ये पडणारे सायट्रिक आम्ल बहुतांशी या बुरशीचेच असते. हेच आम्ल खतखड्ड्यात पाझरले, की हाडातील वा खडकातील कॅल्शियमला पकडते व स्फुरद सुटे होते. बुरशीचे दुसरे आम्ल ऑक्झॅलिक. तेही कॅल्शियम ओढून घेऊन हेच काम करते.

येथे एक गंमत ध्यानात घ्या. १८४२ साली इंग्लंडमध्ये जॉन बेनेट लॉझ यांनी सुपर फॉस्फेट बनविण्याचे पेटंट घेतले. त्यांची कृती काय? हाडे व फॉस्फेटयुक्त खनिजे गंधकाम्लात विरघळविणे. म्हणजे कारखाना जे तीव्र आम्लाने करतो, ते बुरशी सौम्य आम्लाने, भट्टीशिवाय व धुराड्याशिवाय, सावकाश करीत असते.

तिचे दुसरे साधन फायटेज नावाचे विकर. हे विकर १९०७ साली जपानी शास्त्रज्ञांना तांदळाच्या कोंड्यात आढळले. फायटेटची साखळी तोडून त्यातील स्फुरद मोकळे करणे हे त्याचे काम. काळ्या बुरशीच्या कुळात ते मुबलक निर्माण होते. १९९१ मध्ये नेदरलँड्समध्ये ते पशुखाद्यात मिसळण्यासाठी बाजारात आले. त्यायोगे कोंबड्यांना दाण्यातले स्फुरद पचू लागले व विष्ठेतून वाया जाणारे स्फुरद घटले.

एखादी बुरशी हे काम करते की नाही, हे ओळखण्याची एक सुबक रीत आहे. सोव्हिएत शास्त्रज्ञ पिकोव्हस्काया यांच्या नावाने १९४८ पासून ती प्रसिद्ध आहे. काचेच्या बशीतील पोषक थरात न विरघळणारे कॅल्शियम फॉस्फेट मिसळतात. तो थर दुधासारखा पांढुरका दिसतो. त्यावर बुरशी वाढविली व ती कामाची असली, की काही दिवसांत तिच्याभोवती चंद्राच्या खळ्यासारखे स्वच्छ वलय उमटते. जेथे वलय उमटले, तेथे कुलूप उघडले.

इंदूरचा धडा

खत तयार करण्यात बुरशीला मानाचे पान देणारी एक पद्धत आपल्याच देशात, इंदूर येथे, शास्त्रीय रीतीने बांधली गेली. १९२४ साली तेथे वनस्पती-उद्योगाची एक संशोधन संस्था सुरू झाली. तिचे प्रमुख आल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातील पालापाचोळा, काड, शेण, गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती व राख यांचे थर रचून, ते ठरावीक वेळी वरखाली करून, तीन महिन्यांत उत्तम खत होते हे दाखवून दिले. १९३१ मध्ये या दोघांनी मिळून शेतीतील टाकाऊ पदार्थांवर ग्रंथ प्रसिद्ध केला व ‘इंदूर पद्धत’ हे नाव जगभर झाले. पूर्वी शेतकऱ्यांनी जे अनुभवाने केले होते, त्याला या पद्धतीने मोजमाप दिले. तिच्यात आरंभीचे काम बुरशीचे व पुढचे जंतूंचे. आम्ही ज्या पांढऱ्या जाळीवर चुना ओतला, तिला हॉवर्ड व वाड खत लागल्याची खूण समजत, आणि एका खड्ड्यातील बुरशी धरलेले खत दुसऱ्या खड्ड्यात विरजणासारखे घालीत!

त्यांच्या पद्धतीत राख होती, मग आमच्या चुन्याने काय बिघडले, असे कोणी विचारील. राख होती ती आंबटपणा अति होऊ नये एवढ्यापुरती. आमच्या दोन टोपल्या चुन्याने बुरशीचे आम्ल मारले, नत्र अमोनियाच्या रूपाने उडविले आणि सुटे झालेले स्फुरद पुन्हा कॅल्शियमशी बांधून टाकले. उघडलेले कुलूप आम्ही आमच्या हाताने परत लावले. कोकणच्या आंबट जमिनीला चुना कधी कधी हवा असतो. पण तो माती तपासून, जमिनीला द्यावयाचा असतो. खतखड्डा ही त्याची जागा नव्हे.

पुढील प्रयत्न आणि त्यांच्या मर्यादा

दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत ए. सी. गौर व त्यांच्या सहकाऱ्यांनी कंपोस्टमध्ये फॉस्फेट खडकाची पूड व ॲस्परजिलस अवामोरी यांसारख्या बुरशी मिसळून ‘फॉस्फो-कंपोस्ट’ करण्यावर काम केले. कॅनडात पेनिसिलियम बिलाई नावाच्या बुरशीचे बियाण्यास लावण्याचे संवर्धन १९९० च्या सुमारास वापरात आले. आणखी एक दिशा नवी आहे. म्यूकरसारख्या काही बुरशी द्रवातील स्फुरद शोषून आपल्या तंतूंत साखळ्यांच्या रूपाने साठवितात. शेणाच्या वा खताच्या पाण्यात त्यांना वाढवावे, त्यांच्या गोळ्या गाळून घ्याव्या आणि त्याच खत म्हणून वापराव्या, असे प्रयोग शास्त्रज्ञ करीत आहेत.

तथापि बुरशीची स्तुती करताना तोल सुटता कामा नये. बुरशी स्फुरद निर्माण करीत नाही, असलेले सोडविते. ज्या खड्ड्यात स्फुरद पडलेच नाही, तेथे ती काय देणार? शिवाय प्रयोगशाळेतील बशीत उत्तम ठरलेली बुरशी उघड्या शेतात तितकी यश देईलच असे नाही. तेथील मूळच्या सूक्ष्म जीवांपुढे पाहुण्या बुरशीचा टिकाव पुष्कळदा लागत नाही. आणि सुटे झालेले स्फुरद मातीत एकदा मोकळे पडले की पुन्हा अडकू लागते. यामुळेच हे काम खतखड्ड्यात करून घेणे अधिक शहाणपणाचे. तेथे कुजलेले सेंद्रिय द्रव्य स्फुरदाला मातीच्या तावडीतून काही अंशी वाचविते.

आपण काय करावे?

प्रत्येक घरी प्रयोगशाळा असावयास नको. पुढील गोष्टी मात्र सर्वांना शक्य आहेत. पाला, काड व शेण यांचे थर घालावेत. ओल पिळलेल्या फडक्याइतकी असावी. आमच्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. तेव्हा उघड्या खड्ड्यात पाणी साचते व खताचा अर्क ओढ्याला जातो. म्हणून पावसाळ्यात जमिनीवर ढीग करून वर झावळ्यांचे छप्पर घालावे. माशांचे काटे व हाडे केरात न टाकता ढिगाच्या पोटात खोल पुरावीत, म्हणजे कुत्री ती उकरणार नाहीत. ढीग प्रथम तापतो. आतील उष्णता ५५ ते ६५ अंश सेल्सियसपर्यंत चढते. तेवढ्या उष्णतेत काळ्या बुरशीसारख्या जाती तगत नाहीत. म्हणून बुरशीचे विरजण घालावयाचे ते ढीग निवल्यावर. एक सावधगिरी सर्वांनी बाळगावी: ढीग चाळविताना नाकातोंडावर फडके बांधावे, कारण बुरशीचे बीजाणू छातीत जाणे चांगले नव्हे. दम्याचा विकार असणाऱ्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावे.

आम्लाचा प्रताप डोळ्यांनी पाहावयाचा असल्यास एक सोपा प्रयोग करावा. कोंबडीचे एक बारीक हाड वा मोठ्या माशाचा काटा स्वच्छ धुऊन माडाच्या विनागरात बुडवून ठेवावा व दोन-तीन दिवसांनी विनागर बदलावा. आठवड्याभरात ताठ हाड वाकू लागेल. त्यातील कॅल्शियम व स्फुरद विनागरात उतरले, मागे मऊ भाग राहिला. बुरशी खतखड्ड्यात जे अंधारात करते, तेच येथे बरणीत दिसते.

समारोप

पावसाळ्यात आमच्या रानात वारुळांवर अळंबी उगवतात. कोकणीत आम्ही त्यांना ‘रोंयण अळमी’ म्हणतो व मोठ्या आवडीने खातो. वाळवी रानातला वाळका पाला व काटक्या वारुळात नेते, त्यावर बुरशी जोपासते आणि त्या बुरशीवर आपला संसार चालविते. माणसाने नांगर हाती धरण्याच्या कितीतरी आधीपासून हे खतखाते चालू आहे. ताटातील अळंबीचे कौतुक करणारे आम्ही, तिच्याच नातलगाला खड्ड्यात पाहून चुना मागविला, याची आठवण झाली की अजून ओशाळल्यासारखे होते.

गेल्या वर्षी नवा ढीग रचला, तेव्हा पांढरी जाळी दिसताच मुलांनी आम्हांस बोलावून आणले. या वेळी कोणी ‘शी!’ म्हटले नाही. आम्ही आबांना म्हटले, “आबा, तुमच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहिले होते. चुना घातला तो अज्ञानामुळे.” आबा हसले. त्यांनी त्या जाळीतला मूठभर पाला उचलला, बाजूच्या निवलेल्या ढिगात नेऊन ठेवला व वर गोणपाट पांघरले. स्फुरद, फायटेज, सायट्रिक आम्ल हे शब्द त्यांनी कधी ऐकलेले नाहीत. पण विरजण कोठे लावावे, हे त्यांना आमच्या आधीपासून ठाऊक होते.

विचार करण्याजोगे प्रश्न

१. ६ टन शेणखतात स्फुरद किती? ते सुपर फॉस्फेटच्या किती गोणींइतके होईल?
२. नत्र हवेतून परत मिळविता येते, तसे स्फुरद का येत नाही?
३. तुमच्या घरातून आठवड्याभरात बाहेर जाणाऱ्या केरात स्फुरदयुक्त वस्तू कोणत्या असतात? त्यांची यादी करा व त्या शेवटी कोठे जातात याचा शोध घ्या.